पायावरील जुनाट जखम व दाबपट्टा

पेडणे व डिचोली तालुक्यांत पावसाळी आणि वायंगणी भाताच्या लावणीत तासन्‌तास चिखलात उभे राहावे लागते. ज्यांच्या पायांतील नीला आधीच फुगलेल्या असतात, त्यांच्या घोट्याच्या आतील बाजूस झालेला साधा ओरखडाही मग महिनोन्‌महिने भरत नाही. दोष मलमाचा नसतो. नीलांतील झडपा निकामी झाल्याने रक्त खाली साचते, सूज येते व त्वचेचे पोषण खुंटते. म्हणून मलमपट्टीच्या जोडीला बाहेरून दाब हवा.

मात्र त्यापूर्वी पावलाची नाडी तपासलीच पाहिजे. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.८ पटीहून कमी भरल्यास रोहिणी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. अशा पायावर तज्ज्ञांच्या सल्ल्याविना दाब दिल्यास पाऊलच गमावण्याची पाळी येते. मधुमेहींत हा आकडा पुष्कळदा फसवा, वाजवीपेक्षा अधिक येतो.

जखम सलाइनने किंवा उकळून निववलेल्या पाण्याने धुवावी. झाडपाल्याचा लेप लावू नये. वर न चिकटणारे गॉज व स्राव शोषणारी घडी ठेवावी. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज कमी असतानाच, पातळ मोजा चढवून पट्टा घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत लावावा. दाब घोट्याशी सर्वाधिक असावा. व्हेल्क्रोच्या पट्ट्यांचा मोठा लाभ असा की, सूज ओसरेल तशा त्या रुग्णाला स्वतःच आवळता येतात. गुंडाळीच्या पट्टीला दर वेळी सरावलेला हात लागतो. बोटे निळसर किंवा बधिर झाल्यास, वा वेदना वाढल्यास, पट्टा तत्काळ सोडून आरोग्य केंद्र गाठावे.