आकड्याचा दाखला

रावसाहेब : नानासाहेब, मामलेदारीत उभा जन्म गेल्यामुळे, कागदावर आकडा दिसला की तो कोणाच्या दाखल्यावर उभा आहे हे पाहण्याची मला खोडच जडली आहे. मेहुण्यांच्या पेट स्कॅनच्या अहवालात गाठीपुढे ‘एसयूव्ही ३.१’ असे लिहिले आहे. हे ठरविले कोणी?

नानासाहेब : एकट्या स्कॅनरने नव्हे. तो केवळ विरुद्ध दिशांनी एकाच क्षणी निघालेल्या गॅमा किरणांच्या जोड्या मोजतो; अमुक इतक्या जोड्या म्हणजे दर मिलिलिटरमागे अमुक इतके बेकेरेल किरणोत्सर्ग, हा दर त्याला बाहेरून शिकवावा लागतो. त्यासाठी, ज्याचे घनफळ नेमके ठाऊक आहे अशा पाण्याने भरलेल्या दंडगोल पात्रात, ज्याला आम्ही फँटम म्हणतो, फ्लोरिन-१८ ची मोजलेली मात्रा मिसळून त्याचे स्कॅन करतात आणि त्यावरून गुणक बसवितात.

रावसाहेब : आणि ती मात्रा मोजली कशाने?

नानासाहेब : खरी मेख तिथेच आहे! ती मोजतो डोस कॅलिब्रेटर, म्हणजे दाबाखाली वायू भरलेले, विहिरीसारखे पोकळ आयनीभवन-पात्र. दुकानदाराच्या वजनांवर सरकारी शिक्का असावा तसा त्याचाही दाखला प्रमाणित स्रोतांशी भिडवून घ्यावा लागतो. आपल्याकडे अशी प्रमाणे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात राखली जातात.

रावसाहेब : हे पात्रच दहा टक्के जास्त दाखवीत असले, तर सारा ताळेबंद कोसळला म्हणायचा.

नानासाहेब : मौज अशी, की एसयूव्ही कोसळत नाही. गाठीतील तीव्रतेला, शरीराच्या दर ग्रॅममागे टोचलेल्या मात्रेने भागून तो काढतात. फँटम आणि रुग्णाची सिरिंज दोन्ही एकाच खोट्या मापाने मोजली असतील, तर खोट वरखाली सारखीच येऊन छाटली जाते. पण ल्युटेशियम-१७७ देऊन उपचार करताना किती किरणोत्सर्ग शरीरात गेला हाच प्रश्न असतो, आणि तिथे गुणोत्तराचा आडोसा मिळत नाही. शिवाय एसयूव्हीतसुद्धा, सिरिंजमध्ये उरलेला अंश पुन्हा मोजून वजा केला नाही, किंवा कॅलिब्रेशननंतर मात्रा मोजण्याच्या खोलीतले घड्याळ दहा मिनिटे सरकले, तर ती खोट छाटली जात नाही. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे, तेव्हा दहा मिनिटांत सहा टक्क्यांची तफावत पडते. कोट्यवधींच्या यंत्राला भिंतीवरच्या घड्याळाचा धाक वाटावा, हे मला नेहमीच न्याय्य वाटत आले आहे.

रावसाहेब : म्हणजे हे सारे नीट पाळले असेल, तर ३.१ हा आकडा मान्य करावा?

नानासाहेब : गाठ किती मोठी आहे?

रावसाहेब : आठ मिलिमीटर.

नानासाहेब : मग खरा आकडा याहून मोठा असण्याचा संभव आहे, कारण इतक्या लहान गाठीचा प्रकाश चित्रात आजूबाजूस पसरतो. पुढचे स्कॅन त्याच यंत्रावर, टोचल्यापासून तितक्याच मिनिटांनी होईल असे पाहा, म्हणजे डॉक्टरांना दोन आकडे शेजारी ठेवून बोलता येईल.