भाव आणि हिशेब

२०२५ साली आमचे सोयाबीन काढणीला आले आणि लई पाऊस झाला. दहा क्विंटल झाले, पण ओले. एक व्यापारी दारात आले. म्हणाले, "३५०० ने देऊन टाका. पैसे रोख." अण्णा देणारच होते. खताच्या दुकानाची १५,००० रुपये उधारी होती.

आई म्हणाली, "आधी मोंढ्यातला भाव तरी विचारा." तिथे ३९०० होता. मी पाटीवर हिशेब मांडला.

दारात : ३५,००० रुपये.
मोंढ्यात : ३९,००० रुपये. टेम्पो, हमाली, तोलाई १,५०० वजा. उरले ३७,५००.

त्या हंगामाचा सरकारी हमीभाव ५३२८ होता. पण त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. पैसे मागाहून बँकेत येतात. आणि माल वाळलेला पाहिजे, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. आमचा १७ भरला.

मग अण्णांनी निम्मे मोंढ्यात विकले. उधारी फिटली, हरभऱ्याचे बी आले. निम्मे आम्ही ताडपत्रीवर वाळवले. शाळेतून आल्यावर मी रोज ते पायाने खालीवर करायचो. पाच क्विंटलचे ४७० किलोच राहिले. मला वाईट वाटले. पण केंद्रावर त्याचे सुमारे २५,००० रुपये आले. ओलेच मोंढ्यात विकले असते तर खर्च न धरता १९,५०० आले असते.

मित्रांनो, नुसता भाव ऐकू नका. खर्च किती, वजन किती, पैसे कधी, हे तिन्ही मांडून बघा. पण उधारी डोक्यावर असली की सगळा माल थांबवता येत नाही, हेही मला कळले.