बाळ सगळ्यांचं, टाके एकटीचे

मनू,

आठवा महिना संपत आला आणि बॅगेत काय काय भरलंस असं विचारलं, तर तू मला झबली, टोपडी, कुंची आणि पिवळ्या बदकांची दुपटी मोजून दाखवलीस. बाळाची तयारी उत्तम आहे गं. पण त्या बॅगेत तुझं काय आहे? बाळंतविडा करायला सगळं गोत धावतं, बाळंतिणीची पिशवी मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून हे लिहून पाठवते आहे. जावईबापूंनाही वाचायला दे, यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

१. बॅग ३६व्या आठवड्यापर्यंत भरून दाराजवळ ठेव — कळा तारीख विचारून येत नाहीत, आणि ३७ आठवडे पुरे झाल्यावर बाळ कधीही येऊ शकतं.

२. भरताना जावईबापूंना शेजारी बसव, त्यांच्याच हातांनी भरून घे — बॅग भरणारी एक अन् उघडणारा दुसरा. रात्री तीन वाजता गाऊन कुठल्या कप्प्यात आहे हे सांगायच्या अवस्थेत तू नसशील.

३. पुण्याहून माहेरी येताना मूळ फाइल स्वतःच्या हातात आण आणि प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्ये ठेव. सोनोग्राफ्या, रक्ताचे, साखरेचे, थायरॉइडचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधार कार्डं, विम्याचं कार्ड, सगळं एकत्र — इथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तुला कधी पाहिलेलं नसेल, त्यांना तुझी सगळी माहिती त्या फाइलमधूनच कळणार.

४. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे, हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिही आणि बाळाचा रक्तगट जन्मल्याबरोबर विचारायला सांग — बाळ पॉझिटिव्ह निघालं तर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं, आणि ते पुढच्या बाळाच्या रक्षणासाठी असतं.

५. पुढून उघडणारे सुती गाऊन तीन-चार घे, गडद रंगाचे — दूध पाजणं, तपासणी, कपड्यांवरचे डाग, सगळं त्यात निभावतं. आतले कपडे एक माप मोठे आणि उंच कमरेचे घे, म्हणजे सिझर झालंच तर पट्टी टाक्यांवर रुतत नाही.

६. मोठे पॅड भरपूर घे, नेहमीचे पातळ नकोत — नॉर्मल असो वा सिझर, अंगावरून जायचं ते जातंच. सिझर झालेल्या बायकांना हे कुणी आधी सांगत नाही आणि त्या घाबरतात.

७. पाण्याची नळी असलेली बाटली, लांब वायरचा चार्जर, बंद चपला, पायमोजे, केसाला बांधायला साधा रबर — पाठीवर पडून पाणी प्यायची वेळ आली की नळीची किंमत कळते. दागिने घरी ठेव, सिझरला नेताना सगळं उतरवायलाच लावतात.

८. सोबत राहणाऱ्या माणसासाठीही एक चादर, उशी आणि कोरडा खाऊ ठेव — बाळंतिणीची सोबतीण उपाशी, तर औषधं कोण आणणार?

९. बाळाचे कपडे नवे असले तरी एकदा धुऊन, उन्हात वाळवून ने. नव्याइतकंच कुणाचं तरी वापरून मऊ झालेलं झबलंही चांगलं. बाकी बाळाला फार काही लागत नाही, मनू. त्याला तुझी कूस लागते, ती बॅगेत भरायची नसते.

निघायचं कधी, हा प्रश्न तू मला फोनवर तीनदा विचारलास. पाच-पाच मिनिटांनी नेमानं कळा यायला लागल्या की निघ. पण काही गोष्टींना कळांची वाट पाहायची नाही: पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारलं. यांतलं एकही झालं तरी 'सकाळी बघू' म्हणू नकोस, कुणाला म्हणूही देऊ नकोस.

१०. पाणी गेलं तर घड्याळ बघ आणि पाण्याचा रंग बघ — दवाखान्यात पहिले दोन प्रश्न तेच असतात, आणि हिरवट पाणी असेल तर घाई दुप्पट.

११. गाडी असली तरी १०८ नंबर भिंतीवर लिहून ठेव. तुझ्या जावेचं बाळंतपण गावी सरकारी दवाखान्यात व्हायचं आहे ना, तिलाही कळव: २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत असतं. औषधं, रक्त, जेवण आणि १०२च्या गाडीनं जाणं-येणं त्यातच येतं — हक्काचं असतं ते मागायला लाजू नये, लाजेनं खिसा रिकामा होतो.

१२. विम्याच्या माणसाशी आधीच बोला, बाळाचा खर्च त्यात येतो का तेही विचारा — बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर त्या दिवशी कलमं वाचत बसायला नको.

१३. जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळ छातीशी घे, सिझर झालं तरी परिचारिकेला सांगून मदत माग. तो पिवळसर घट्ट चीक थोडाच येतो — पण तेवढाच त्याला पुरतो, आणि त्याच्यासारखं औषध दुकानात मिळत नाही. कुणी मधाचं बोट किंवा घुटी पुढे केली तर हसून दूर सार. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातले जंतू त्याला सोसत नाहीत.

१४. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस-बी आणि व्हिटॅमिन-के दिलं का, हे सुट्टी व्हायच्या आधी कार्डावर बघून घ्या. हिपॅटायटिसचा पहिला डोस २४ तासांच्या आत हवा.

१५. जन्मनोंदणीच्या अर्जावर तुमच्या दोघांच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षर-अक्षर जुळवून मगच सही करा — नोंद २१ दिवसांत व्हायची असते, पण चुकलेल्या एका अक्षराच्या फेऱ्या शाळाप्रवेशापर्यंत पुरतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तर ती जागा मोकळी ठेवा. वर्षाच्या आत ते फुकट भरता येतं.

आता घरी आल्यावरचं. इथे जरा सावकाश वाच.

दवाखान्यातून आलेल्या बाळाभोवती सगळं घर गोळा होतं. कुणाचं नाक, कुणाचे कान, याची चर्चा सुरू होते. आणि जिच्या पोटातून ते आलं ती कोपऱ्यात, धड बसताही येत नाही अशा अवस्थेत, सगळ्यांकडे बघून हसत असते. बाळ सगळ्यांचं, टाके एकटीचे. ती आजारी नसते, पण जखमी असते, आणि जखमी माणसाला जे लागतं ते सगळं तिला लागतं. जुन्या बायकांनी सव्वा महिना ठरवला, डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. दोघांचा हिशेब जवळपास एकच निघतो, तेव्हा हा काळ मागून घ्यायची तुला गरज नाही, तो तुझाच आहे.

१६. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हातावर जोर देऊन उठ — सरळ उठलीस तर सगळा ताण टाक्यांवर येतो. खोकला किंवा शिंक आली की पोटाशी उशी धर.

१७. खालचे टाके असतील तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बस, मग जागा टिपून कोरडी कर, पुसू नकोस — ओल्या जागेवर टाका लवकर भरत नाही.

१८. पाणी पी, भरपूर पी. बाळंतिणीला पाणी देऊ नये असं सांगणारं कुणीतरी येईलच — आज राखलेला घोट उद्या संडासात रडवतो. शौचाला पहिल्यांदा जाताना टाके उसवतील अशी भीती वाटते, ते उसवत नाहीत. तरी डॉक्टरांकडून पोट मऊ राहायचं औषध मागून घे.

१९. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, मेथी, बाळंतशोपा, सगळं खा, तुझ्या आईनं आत्तापासून डिंक निवडायला घेतलाय. पण लाडवांच्या जोडीला मुगाचं वरण, भाजी, अंडं चालत असेल तर अंडं, रोजचं ताट पुरं हवं. नुसत्या तुपानं ताकद येत नाही. भूक बाळाची, ताट आधी आईचं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू ठेव.

२०. शेक घ्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीनं घे. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको, धुरीही नको — त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि बाळाची छाती एवढीशी असते.

२१. मालिश करणाऱ्या बाईला सिझरची जखम भरेपर्यंत पोटाला हात लावू देऊ नकोस. बाळाच्या नाकात, कानात, बेंबीत तेल नको, डोळ्यांत काजळ नको — बेंबी कोरडी राहिली की आपोआप सुकून पडते. त्या बाईशी प्रेमानंच बोल, तिचे हात चांगले आहेत, सांगितलेलं ती ऐकते.

२२. भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून दे, हात धुतल्याशिवाय बाळ नाही, आणि मुका तर नाहीच — पाहुणा तासाचा, खोकला पंधरवड्याचा. हे सांगायचं काम जावईबापूंचं, तुझं नव्हे. बारसं बाराव्या दिवशीच करायला हवं असंही नाही. सव्वा महिन्यानं केलंस तर तुला शालू नेसून बसता तरी येईल.

२३. बाळ झोपलं की तू झोप. भांडी तशीच राहू देत, आई आहे, मी आहे. रात्री एकदा तरी जावईबापूंनी बाळाला उचलावं, लंगोट बदलावा, ढेकर काढावी — बापाच्या हाताची ओळख बाळाला तेव्हाच होते.

२४. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरून येतो, छाती दगडासारखी होते आणि डोळे उगाच भरून येतात. रडू आलं तर रड. पण दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, वाईट विचार येत असतील, तर मला, आईला, डॉक्टरांना सांग, थांबू नकोस. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्री-बेरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं — मनाला लागलेली जखम झाकली की चिघळते.

२५. ही यादी मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लाव: एका तासात एक पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, १००.४च्या वर ताप, घाण वास, टाक्यांतून पू, एकाच पोटरीला सूज नि दुखणं, न थांबणारी डोकेदुखी, धाप. बाळाचं: न पिणं, सुस्त पडणं, अंग गार किंवा तापलेलं, तळहात-तळपाय पिवळे, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी (हा हिशेब पहिला आठवडा सरल्यावरचा) — यातलं काहीही दिसलं की ज्याच्या नजरेला पडेल त्यानं गाडी काढायची, घरात सल्लामसलत नंतर.

२६. एक गोष्ट कानात सांगते. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं धरू नकोस. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांना त्याबद्दल स्वतःहून विचार.

आणि ती सहा आठवड्यांची तपासणी, मनू, घरी आल्या दिवशीच कॅलेंडरवर लिही. बाळाच्या डोसाची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते, तुझी कुणाला आठवत नाही. बाळाचा दीड महिन्याचा डोस आणि तुझी तपासणी एकाच आठवड्यात येतात. दोन्ही एकाच फेरीत करा, आणि आधी तुझा नंबर लाव.