देवनहळ्ळीच्या नव्या संगिनीस

बेळगाव

चि. सौ. केतकीस,

फोनवर मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या, नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. हवाई दलाच्या येलहंका स्टेशनात क्वार्टर मिळेपर्यंत तुम्ही देवनहळ्ळीत भाड्यानं राहणार हे ठीकच. पण वेल्फेअरच्या लेडीज मीटचं बोलावणं आलं तर तू म्हणालीस, ‘तंबोला खेळायला कोण जातंय एवढ्या लांब?’ तंबोल्यात मलाही कधी गोडी वाटली नाही. तरी तू जा.

क्वार्टरात भिंतीला भिंत असते. कुणाचं पोर आजारी, कुणाचा नवरा डिटॅचमेंटवर, सगळं न विचारता कळतं. देवनहळ्ळीत तुझे शेजारी विमानतळावर नोकरी करणारे. माणसं चांगली असतील. किल्ला बघ, टिपूचा जन्म त्या गावचा. तिथलं पपनस प्रसिद्ध आहे, तेही खा. पण जावईबापू बाहेरगावी आणि मध्यरात्री तुला पोटात कळ आली, तर आधी स्टेशनच्या दवाखान्याला कळवायचं, आणि पुढे पाठवलं तर कमांड हॉस्पिटल जुन्या एअरपोर्ट रोडवर, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, हे त्या शेजाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? हे जिला तोंडपाठ असतं ती भाभी मीटमध्येच भेटते. म्हणून बाहेर राहणारीनं तर जायलाच हवं.

आणि ही वेल्फेअर काही साहेबांच्या बायकांची किटी पार्टी म्हणून निघालेली संस्था नाही. पासष्टचं युद्ध झालं, घराघरांत विधवा झाल्या, आणि १९६६ साली लष्करातल्यांच्या बायकांची संघटना नोंदली गेली. हवाई दलाची १९७० ची. तिच्या सभासद बायकांना संगिनी म्हणतात. अलीकडे तिच्या नावात ‘वाइव्ज’च्या जागी ‘फॅमिलीज’ आलं, आणि ते बरंच झालं. २०१६ पासून पोरी फायटर उडवतात, त्यांच्या नवऱ्यांना काय म्हणणार होतो आपण?

आता जे तुला खटकणार आहे ते. अध्यक्षा तिथे निवडून येत नाही; स्टेशनच्या एओसींची पत्नी तीच अध्यक्षा. पुढच्या रांगेत सोफे, मागे खुर्च्या, आणि कोण कुठे बसायचं हे कुणी सांगत नाही पण सगळ्यांना माहीत असतं. मॅम आल्या की उठून उभी राहा, वडीलधाऱ्या बाईसमोर आपण राहतोच. पण रँक नवऱ्याची असते, तुझ्या पदराला ती टाचलेली नाही. कॉर्पोरलची बायको म्हणून कोपऱ्यात बसू नकोस, आणि उद्या जावईबापू सार्जंट झाले म्हणून नव्या पोरीला चहाचे कप उचलायला लावू नकोस. दुसरी खोड पहिलीपेक्षा लवकर लागते, मी पाहिलंय.

काम सांगतील. स्वागतगीत, नाच, स्टॉल, विणकाम. २०२२ मध्ये देशभरच्या संगिनींनी तीन महिन्यांत ४१,५४१ लोकरी टोप्या विणल्या, गिनीजमध्ये नोंद झाली. विक्रमाचं मला फारसं कौतुक नाही; टोप्या गरजूंसाठी होत्या, त्याचं आहे. तुला नाचायचं नसेल तर नाचू नकोस. पण नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसू नकोस. तू बी.कॉम. आहेस, टॅली येतं. बायकांना बँकेचे फॉर्म भरायला शिकवीन म्हण. नकार द्यायचा तर तूच दे, सीनियर भाभीला, आणि वेळेवर. तो जावईबापूंच्या तोंडून जाऊ देऊ नकोस. त्यांच्या वॉरंट ऑफिसरनं सहज विचारलं, ‘मिसेस येणार ना?’ तर त्या बिचाऱ्यांना काय उत्तर देता येणार? तसंच उलट. त्यांची रजा, पोस्टिंग, क्वार्टरची यादी या तक्रारी मॅमच्या कानावर घालायच्या नाहीत. ते त्यांचं ऑफिस आहे, त्यांनीच सांभाळावं.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहिते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरात एचएएलच्या विमानतळावर मिराज पडलं, दोन वैमानिक गेले. त्याच महिन्यात येलहंकाला एअर शोच्या सरावात सूर्यकिरणची विमानं एकमेकांवर आदळली, आणखी एक गेला. त्या बातम्या देशभर झाल्या. जावईबापू उडत नाहीत, इंजिनं बघतात. पण रोज बळ्ळारी रोडनं मोटरसायकल हाकतात, आणि त्या रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होत नाही. म्हणून मीटमध्ये ओळख झाली की कुणा जुन्या भाभीला बाजूला घेऊन विचार: लग्नाची नोंद त्यांच्या ऑफिसच्या पीओआरमध्ये लागली का ते कसं बघायचं, ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन कुठे बदलतात. लग्नाआधी पोरं आईचं नाव घालतात आणि पुढे कित्येक वर्षं कुणाला आठवत नाही. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून हे टाळू नकोस. बोलायला जड जात असेल तर काका जावईबापूंशी बोलतील.

तो एअर शो, एअरो इंडिया, असला की जावईबापू घरात दिसणारच नाहीत. शिवाय पक्षी विमानांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून आसपासची मटणाची दुकानंही बंद ठेवतात. कोल्हापूरच्या सुनेनं ते दिवस कसे काढायचे, तेही तिथल्याच बायका सांगतील!

पहिल्या वेळी एकटी जाऊ नकोस. तुझं डिपेंडंट कार्ड अजून झालं नसेल तर गेटवर अडवतील, आणि टॅक्सी तर आत सोडतच नाहीत. जी भाभी निरोप देते तिचाच नंबर घे, गेटपाससाठी नाव आधी कळवायला सांग, आणि आधारकार्ड पर्समध्ये ठेव. साडीच लागते का तेही तिलाच विचार.

तुझी,
मावशी