पाहुण्यांसमोर सगळं छान असतं

माझे सासरे जन्मभर एनएचएसमध्ये डॉक्टर होते. तरीही म्हातारपणी घरी मदतीला माणूस हवं असेल तर दार काउन्सिलचं ठोठावायचं असतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. दवाखाना फुकट, म्हणजे हेही फुकट असणार आणि आपोआप मिळणार, असं इंग्लंडमधल्या पुष्कळ मराठी घरांत आजही धरून चालतात. दोन्ही समज चुकीचे आहेत.

सासूबाई खुबा मोडून हॉस्पिटलात होत्या. घरी सोडल्यावर सकाळ-संध्याकाळ केअरर येऊ लागली. ही सोय फार तर सहा आठवडे फुकट असते, माणूस पुन्हा हिंडता-फिरता व्हावा म्हणून. मुदत संपली, केअरर यायची थांबली आणि पुढचं कुणी काही बोललं नाही. काउन्सिलला फोन केल्यावर असेसमेंटची तारीख मिळाली.

सोशल वर्कर आली तेव्हा आई इस्त्रीची साडी नेसून, कुंकू लावून बसल्या होत्या. साडी मी नेसवली होती, पण ते विचारलं कुणी? ‘कपडे स्वतः घालता?’ ‘हो.’ ‘स्वयंपाक?’ ‘सून करते, फार गुणाची आहे.’ ‘बाथरूमला जाता येतं?’ आईंनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. दुभाष्या तोच होता. पोटच्या मुलाच्या तोंडून आपली फजिती परक्या बाईला सांगायची, हे त्या पिढीच्या कोणत्या बाईला जमेल? चहा-चिवडा झाला, बाई हसतमुखाने गेल्या. पत्र आलं: घरचे लोक काळजी घेत असल्यामुळे सेवेची गरज दिसत नाही.

हे उत्तर कायद्यात बसत नाही. 2014 चा केअर ॲक्ट एप्रिल 2015 पासून लागू आहे. त्याप्रमाणे घरच्यांची मदत बाजूला ठेवून गरज मोजायची असते. घरचं माणूस काय करतं हा विचार नंतरचा, तोही त्या माणसाची तयारी आणि ताकद असेल तरच. नियमांत रोजच्या जगण्यातल्या दहा बाबी आहेत: खाणं-पिणं, अंघोळ, कपडे, संडास, घरात सुरक्षित वावरणं वगैरे. त्यांपैकी दोन किंवा अधिक जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर माणूस पात्र ठरतो. ‘जमत नाही’ यात बरंच काही येतं. जमतं पण खूप दुखतं, जमतं पण फार वेळ लागतो, जमतं पण पडायची भीती असते, हे सगळं कायद्याच्या लेखी जमत नाही यातच मोडतं. नुसतं ‘हो, घालते’ म्हटलं की हा सगळा हिशेब बुडतो.

आम्ही पुन्हा असेसमेंट करा म्हणून लेखी कळवलं आणि सोबत एका वहीची पानं जोडली. वहीत वाईट दिवस लिहिले होते: ब्लाउजच्या एका बाहीत हात घालून आई पलंगावर तशाच बसून राहिल्या, पहाटे कॉरिडॉरमध्ये भिंत धरून उभ्या, ना पुढे ना मागे. दुभाषी बाई काउन्सिलकडूनच मागून घेतली. त्या दिवशी मुलगा कामावर होता. तेव्हा आई बोलल्या. संध्याकाळच्या चहानंतर त्यांनी पाणी पिणंच सोडलं होतं, रात्री उठावं लागू नये म्हणून. एकाच घरात राहून हे मलाही ठाऊक नव्हतं. आता सकाळी केअरर येते आणि खर्चाचा काही वाटा आम्ही देतो.

पैशांचं थोडक्यात. बचत 23,250 पौंडांच्या वर असेल तर साधारणपणे सगळा खर्च आपला. त्याखाली काउन्सिल हातभार लावतं, उत्पन्नातून मात्र वाटा घेतलाच जातो. सेवा घरीच मिळत असेल तर राहतं घर मोजत नाहीत. आणि पैसे मुलांच्या नावावर करून मोकळं होण्याचा सल्ला पार्टीत कुणी दिला तर ऐकू नका. खर्च टाळण्यासाठी पैसे हलवल्याचं दिसलं तर ते तुमच्याकडेच आहेत असं धरतात. गरजेचं असेसमेंट मात्र बचत कितीही असली तरी मागता येतं. पेन्शनच्या वयानंतरचा अटेंडन्स अलाउन्स तर उत्पन्न-बचत न बघता मिळतो. काळजी घेणाऱ्या सुनेचं किंवा मुलाचं स्वतंत्र असेसमेंट हाही हक्कच आहे. आपण तो मागत नाही, कारण ‘आपल्याच माणसाचं करायचं, त्यात कसला फॉर्म!’

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड-वेल्सचे नियम निराळे. शिवाय आई-वडील व्हिजिटर व्हिसावर असतील, किंवा व्हिसावर सरकारी मदत बंद असल्याची अट असेल, तर काउन्सिलला फोन करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

नकार आला तर तक्रार आधी काउन्सिलकडे, तिथे न्याय झाला नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे. तिथे पैसे लागत नाहीत, पण गोष्ट कळल्यापासून साधारण बारा महिन्यांच्या आत जावं लागतं. तेव्हा आलेलं प्रत्येक पत्र तारीख घालून फाइलला लावा.