नेतृत्वाची कसोटी : उहुदनंतरचा धडा



नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची, व्यासपीठ आणि हारतुरे येतात. इस्लामने मात्र नेतृत्वाला अमानत मानले आहे. अमानत सांभाळावयाची असते आणि एके दिवशी तिचा हिशोबही द्यावयाचा असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे की शासकापासून घरातील कर्त्या पुरुषापर्यंत आणि गृहिणीपासून सेवकापर्यंत प्रत्येकाला आपापल्या ताब्यातील लोकांविषयी व वस्तूंविषयी जाब द्यावा लागेल. म्हणून नेतृत्वाचा प्रश्न केवळ अमीर, इमाम किंवा मस्जिदीच्या विश्वस्तांचा नाही. तो तुमच्या-माझ्या घराचाही आहे.

नेता खरोखर कसा असावा, हे समजून घेण्यासाठी उहुदच्या प्रसंगाचा विचार करू या.

सल्ला आणि निर्धार

हिजरी सन 3 (इ.स. 625) मध्ये मक्केचे कुरैश मोठे सैन्य घेऊन मदीनेवर चालून आले. प्रेषितांनी (स.) सहाबांशी (रजि.) सल्लामसलत केली. शहरातच राहून बचाव करावा, असा त्यांचा स्वतःचा कल होता. परंतु अनेकांचा, विशेषतः बद्रच्या लढाईत भाग घेऊ न शकलेल्या तरुणांचा, आग्रह बाहेर पडून सामना करण्याचा होता. प्रेषितांनी (स.) तो मान्य केला व ते चिलखत चढवून बाहेर आले. तोवर आग्रह धरणाऱ्यांना पश्चात्ताप झाला होता. आपण प्रेषितांवर (स.) आपले मत लादले, असे वाटून ते माघार घेऊ लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की एकदा चिलखत चढविल्यानंतर लढाईचा निकाल लागण्यापूर्वी ते उतरविणे प्रेषिताला शोभत नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. निर्णय होण्यापूर्वी त्यांनी सर्वांचे ऐकले. निर्णय झाल्यावर मात्र ते डगमगले नाहीत. ज्याला कोणाचेच ऐकावयाचे नसते, तो हट्टी ठरतो. जो रोज निर्णय फिरवितो, त्याच्या मागे चालणाऱ्यांचा गोंधळ उडतो.

पराभवानंतर

सुमारे एक हजार लोक निघाले. त्यांपैकी सुमारे तीनशे जणांना घेऊन अब्दुल्लाह बिन उबय वाटेतूनच परतला. टेकडीवर पन्नास तिरंदाज नेमले होते. विजय होवो वा पराजय, जागा सोडावयाची नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. शत्रू मागे हटताना दिसताच त्यांच्यापैकी बहुतेकजण खाली उतरले आणि लढाईचे पारडे फिरले. सत्तर सहाबा (रजि.) शहीद झाले. प्रेषितांचे (स.) चुलते हजरत हमजा (रजि.) त्यांत होते. प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याला जखमा झाल्या, दात तुटला.

अशा वेळी सामान्य नेता काय करील? तिरंदाजांना दोष देईल. तरुणांना ऐकवील की तुमचे ऐकले म्हणून हे झाले. यापुढे कोणाला विचारावयाचे नाही, असे ठरवील.

सूरह आलि इमरानच्या 159 व्या आयतीत याच पार्श्वभूमीवर आलेला आदेश मात्र अगदी निराळा आहे. प्रेषितांची (स.) मृदुता ही अल्लाहची कृपा असल्याचे तेथे सांगितले आहे. ते कठोर हृदयाचे असते तर लोक त्यांच्यापासून पांगले असते. त्यानंतर आदेश येतो की त्यांना माफ करावे, त्यांच्यासाठी अल्लाहकडे क्षमेची प्रार्थना करावी, कामकाजात त्यांचा सल्ला घ्यावा आणि निर्धार झाल्यावर अल्लाहवर भरवसा ठेवावा.

या क्रमावर विचार करा. नुसत्या माफीने माणसाची लाज जात नाही. आपण आता विश्वासाला पात्र नाही, ही सल मनात राहते. ज्याच्या हातून चूक झाली, त्यालाच पुन्हा सल्ला विचारला जातो, तेव्हा तो उभा राहतो.

सल्ला चालूच राहिला

त्याचे फळ पुढे दिसले. हिजरी सन 5 मध्ये सुमारे दहा हजारांची फौज मदीनेवर आली, तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सूचनेवरून खंदक खोदण्यात आला. प्रेषित (स.) स्वतः माती वाहत होते. हिजरी सन 6 मध्ये हुदैबियाचा तह झाला. उमरा न करता परतावे लागणार म्हणून सहाबा (रजि.) इतके व्यथित होते की कुर्बानी करण्याचा आदेश ऐकूनही कोणी उठेना. तेव्हा उम्मे सलमा (रजि.) यांनी सुचविले की कोणाशी काही न बोलता आपण स्वतःची कुर्बानी करावी व केस उतरवून घ्यावेत. प्रेषितांनी (स.) तसे करताच सर्वजण उठले. ज्यांच्यावर वह्य उतरत होती, त्यांनी परदेशातून आलेल्या सोबत्याचे ऐकले आणि पत्नीचेही ऐकले.

आपल्यासाठी

आता आपल्याकडे पाहू या. मोहल्ल्याच्या एखाद्या कामात तरुणांचे ऐकले आणि ते फसले, तर पुढील बैठकीस त्यांना बोलावले जाते काय? मुलाने धंद्यात नुकसान केले, तर घरातील पुढच्या निर्णयात त्याला विचारले जाते, की आयुष्यभर त्याच नुकसानीची आठवण करून दिली जाते? पत्नीचा सल्ला आपण घेतो, की झालेला निर्णय तिला केवळ कळवितो?

माफीचा अर्थ बेशिस्तीकडे डोळेझाक असा नव्हे. तिरंदाजांची चूक कुरआनने झाकली नाही. तिची कारणे स्पष्ट सांगितली आणि क्षमा झाल्याचेही सांगितले. चूक दाखवावी, पण माणूस गमावू नये.

या महिन्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून ही आयत भाषांतरासह वाचावी आणि घरातील एखादा महत्त्वाचा निर्णय सर्वांना, लहानांनाही, विचारून घ्यावा.

अल्लाह आपणा सर्वांना आपापली अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.