शेडचे लोखंडी खांब आगीपासून जपा

लोखंड जळत नाही, म्हणून लोखंडी शेडमध्ये कडबा भरून निर्धास्त राहू नका. सुमारे ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते. खांब वाकून छप्पर खाली येते. साधा ऑइलपेंट गंजापासून राखतो, आगीपासून नाही. अग्निरोधक रंग मात्र उष्णतेने फुगून कोळशासारखा जाड थर धरतो, त्यामुळे खांब उशिरा तापतात. गंज पूर्ण घासून, योग्य प्रायमर लावून, उत्पादकाने सांगितलेल्या जाडीइतके हात द्यावेत. उघड्या शेडसाठी बाहेरच्या वापराचाच रंग घ्यावा. तो परवडत नसेल, तर खांबांना जाळी गुंडाळून सिमेंटचा इंचभर गिलावा करावा. लेप आग विझवत नाही. माणसे-जनावरे बाहेर काढायला वेळ देतो. म्हणून कडब्याची गंजी गोठ्यापासून दूरच रचावी.